ॲनिमेतला रुळावरून उडणारा स्पेसशिप: सायन्स की नुसत्या थापा?

रत्नांग्रीकर
गंडम सीड ही ॲनिमे सिरीयल परत बघून काढली. त्यात ऑर्ब नावाच्या देशाचा मास ड्रायव्हर (विजेच्या चुंबकांनी जहाज रेटून फेकणारा रूळ) आहे ना, समुद्राकाठी लांबलचक रूळ, टोकाला वर वळलेला, त्यावरून अख्खं जहाज सूं करत अंतराळात. दिसायला एक नंबर, पण थापा आहेत राव. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला साधारण ७.८ किमी वेग लागतो, आत माणसं बसवून ३ जीने (म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या तिप्पट जोराने) रेटलं तरी तो वेग यायला रूळ हवा हजार किलोमीटरच्या वर. आपली कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर ७४१ किमी, ती पण अपुरी!! आणि रूळ संपला की समोर समुद्रसपाटीची जाड हवा, त्यात त्या वेगाने घुसलं तर जहाजाचा कोळसा होईल.

देवगडचा_हापूस
सगळा वेग रुळानेच द्यायचा असं कोण म्हणालं? रूळ पहिला धक्का देईल, पुढचं इंजिन बघून घेईल. पेगॅसस रॉकेट १९९० पासून विमानाखालून सोडायचेच की, १२ किमी उंचीवर. आणि चंद्रावर मास ड्रायव्हर लावायची कल्पना ओनील या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात सिरियसली मांडली होती, एमआयटीत छोटं मॉडेल पण चालवून दाखवलं.

रत्नांग्रीकर
चंद्रावर हवा नाही आणि सेकंदाला २.४ किमीत त्याच्या ओढीतून सुटका होते, तिथे मान्य. पण सिरीयलमधला रूळ पृथ्वीवर आहे भाऊ. आणि विमानाने वेग मिळतो जेमतेम पाव किमी, खरा फायदा पातळ हवेचा. तुमचा रूळ तर किनाऱ्यावरच संपतो.

गुहागर_एक्सप्रेस
सगळ्या ॲनिमेला एकाच दावणीला बांधू नका. १९८७ चा रॉयल स्पेस फोर्स हा ॲनिमे सिनेमा बघा, शेवटी रॉकेट उठतं तेव्हा अंगावरचा बर्फ पापुद्रे सुटल्यासारखा धडाधड कोसळतो. खऱ्यात पण तसंच होतं. टाकीत उणे १८३ डिग्रीचा द्रव ऑक्सिजन, बाहेरच्या हवेतली वाफ पत्र्यावर गोठते, इंजिन पेटलं की थरथरून सगळी पडते. एवढं बारीक बघून काढणाऱ्यांना थापाडे कसं म्हणणार?

तांडेलाचो_भाचो
ह्यां गणित बरां हा, पण एक गोष्ट कोणच दाखवणत नाय. रूळ किनाऱ्यार, समोर समुद्र एकदम रिकामो!! होडयो खंय गेल्यो? खऱ्यात रॉकेटाचो पयलो टप्पो (इंधन संपलेलो खालचो भाग) समुद्रातच पडता, म्हणून आधी पाणी मोकळां करूचां लागता. जपानात तानेगाशिमाच्या रॉकेट तळाक मच्छीमारांशी करार होतो, वर्षातले ठरलेले दिवस सोडले तर उड्डाण बंद, २०११ पासून वर्षभर परवानगी मिळाली. हो भांडणाचो भाग ॲनिमेत घातलो तर मी पयलो बघीन.

देवगडचा_हापूस
मामांकडून माहिती आलेली दिसते 😄 पण मुद्दा बरोबर. मग आपल्याकडे रत्नागिरीत जयगडच्या बाजूला रॉकेट तळ का नको? मोकळा समुद्र आहे की.

रत्नांग्रीकर
मोकळा आहे पण पश्चिमेला. पूर्वेला सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का फुकट मिळतो, आपल्या अक्षांशावर सेकंदाला ४४५ मीटरच्या आसपास, पण मग टप्पे पडणार सह्याद्रीपलीकडे सातारा-कोल्हापुरात. पश्चिमेला सोडलं तर तोच धक्का उलटा बसतो, म्हणजे दुप्पट मार. इस्रायल सोडतं पश्चिमेला, पण त्यांचा नाइलाज आहे, पूर्वेला शेजारी.

गुहागर_एक्सप्रेस
दक्षिणेला सोडा, ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून फिरणाऱ्या.

रत्नांग्रीकर
नकाशा उघडा जरा. रत्नागिरीतून सरळ खाली लक्षद्वीप, त्याखाली मालदीव. चुकवायला वळण घ्यायचं तर इंधन जातं. श्रीहरिकोट्याहून श्रीलंका टाळायला इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट तेच करतं आणि म्हणूनच छोट्या रॉकेटसाठी तामिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवीन तळ होतोय.

तांडेलाचो_भाचो
तरी सोडूचांच झालां तर जून-जुलयात सोडा, तेव्हा मासेमारी बंदच असता, कोणाचां नुकसान नाय.

देवगडचा_हापूस
हो, चांद्रयान-३ पण १४ जुलैलाच उडालं होतं!

रत्नांग्रीकर
ते पूर्व किनाऱ्यावरून. आपल्याकडे जुलैत बंदरावर ३ नंबरचा (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागलेला असतो, रॉकेट उभं करायला जो वर चढेल त्याला आधी छत्री कोण धरणार ते ठरवा.