स्ट्रॉन्शिअम फेराइट चुंबक: सिंटरिंगमध्ये कोअर्सिव्हिटी घसरते, मदत हवी आहे

स्ट्रॉन्शिअम कार्बोनेट आणि फेरिक ऑक्साइड १:५.८ मोल प्रमाणात, १२५० अंश सेल्सिअसला कॅल्सिनेशन (भाजून फेराइट बनवणं), मग पाण्यात बॉल मिलिंग (गोळ्यांनी दळणं) करून कण १ मायक्रॉनच्या आसपास. चुंबकीय क्षेत्रात दाबून १२२० अंशाला हवेत १ तास सिंटरिंग (तापवून कण एकमेकांना घट्ट जोडणं). घनता ४.९ ग्रॅम/घन सेंमी मिळते, रेमनन्स (क्षेत्र काढल्यावर उरणारं चुंबकत्व) ०.३९ टेस्ला, त्यावर समाधानी आहे. पण कोअर्सिव्हिटी (उलट क्षेत्रापुढे चुंबकत्व टिकवण्याची ताकद) जेमतेम १९० किलोअँपिअर/मीटर. २५० तरी हवी.

एक्सआरडीत (क्ष-किरण तपासणीत) हेमॅटाइट, म्हणजे न जुळलेलं फेरिक ऑक्साइड, नाही; म्हणजे फेजचा (स्फटिक-रचनेचा) दोष नसावा. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मात्र बारीक दाण्यांच्या मध्ये १० मायक्रॉनचे चपटे दाणे ठळक दिसतात. एवढ्या दाण्यात अनेक डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेले भाग) असणार आणि उलट क्षेत्रात त्यांच्या भिंती सहज सरकणार.

तापमान ११८० ला आणून पाहिलं: दाणे आवरले, पण घनता ४.६ वर आली. दुसऱ्या, म्हणजे कॅल्सिनेशननंतरच्या, मिलिंगला ०.४% सिलिका टाकली, थोडाच फरक पडला. कॅल्शिअम कार्बोनेट अजून वापरलेलं नाही. लँथेनम-कोबाल्ट मिसळण्याचा पर्याय नको, रचना साधीच ठेवायची आहे. भट्टीत हवेशिवाय दुसरा वायू देता येत नाही.

घनता न घालवता हे मोठे दाणे रोखायचे, तर सिलिकेच्या जोडीला कॅल्शिअम कार्बोनेट किती टक्के घ्यावं, आणि ते कॅल्सिनेशनआधी की दुसऱ्या मिलिंगला?