ऑरलँडोतील पॉइंटची सुट्टी-मालकी: सही झाली आहे, दहा दिवसांच्या आत रद्द करावी का?

एडिसनकर

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. गेल्या आठवड्यात फ्लोरिडात डिस्ने वर्ल्ड पाहायला गेलो असताना डिस्ने व्हेकेशन क्लबची (ठरावीक मुदतीसाठी पॉइंट विकत घ्यायचे आणि दरवर्षी ते रिसॉर्टमधल्या मुक्कामासाठी वापरायचे, अशी डिस्नेची सुट्टी-मालकीची योजना) माहिती घ्यायला बसलो आणि शनिवारी रिव्हिएरा रिसॉर्टच्या १५० पॉइंटच्या करारावर सही करून परतलो. कोणी जबरदस्ती केली नाही; माहिती देणाऱ्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शांतपणे दिले. तरीही घरी आल्यापासून मला झोप लागत नाही, कारण एवढा मोठा निर्णय आम्ही सहलीच्या आनंदात दोन तासांत घेतला.

सवलत धरून एका पॉइंटला २१० डॉलर, म्हणजे एकूण ३१,५०० डॉलर झाले. त्यापैकी ६,३०० आम्ही भरले आणि उरलेल्या २५,२०० डॉलरसाठी त्यांच्याकडूनच दहा वर्षांचे कर्ज घेतले. त्याचा व्याजदर ११ टक्के असून महिन्याचा हप्ता साधारण ३४७ डॉलर येतो. शिवाय प्रत्येक पॉइंटमागे वर्षाला अंदाजे ९ डॉलर देखभाल शुल्क आहे, म्हणजे आणखी १,३५० डॉलर. कराराची मुदत जानेवारी २०७० पर्यंत आहे. त्या वेळी मी ऐंशी ओलांडलेली असेल.

घेण्यामागचा विचार असा होता की मुले लहान आहेत तोवर दरवर्षी जाणे होईल आणि सासूबाई-सासरे एक वर्षाआड पुण्याहून येतात तेव्हा त्यांनाही नेता येईल. दोघांनाही बाहेरचे जेवण चार दिवसांपलीकडे सोसत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली खोली हे मोठे आकर्षण होते. दुसऱ्या बाजूला, आम्ही दोघेही एच-१बी व्हिसावर आहोत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा क्रमांक केव्हा येईल याचा अंदाज बांधता येत नाही. आज सहीनंतरचा चौथा दिवस आहे. ज्यांनी असे पॉइंट घेतले आहेत किंवा विचार करून घेतले नाहीत, त्यांनी कृपया हिशेबासह मत द्यावे.

हिशेबी_वही

सर्वांत आधी मुदतीविषयी, कारण बाकी चर्चा नंतरही करता येईल. फ्लोरिडाच्या टाइमशेअर (म्हणजे अशा सुट्टी-मालकीच्या) कायद्यानुसार खरेदीदाराला सहीच्या दिवसापासून, किंवा आवश्यक कागदपत्रांतला शेवटचा कागद हाती पडल्यापासून, यांपैकी जे नंतर घडले असेल तेथून दहा दिवसांत कोणतेही कारण न देता करार रद्द करता येतो. हे दहा दिवस कॅलेंडरचे आहेत. शनिवार-रविवार त्यातून वगळले जात नाहीत. हा हक्क सोडून देण्याचे कलम करारात घातले तरी ते चालत नाही. रद्द करण्याची सूचना लेखी द्या, करारात छापलेल्या पत्त्यावरच पाठवा, त्यावर करार क्रमांक आणि सही करणाऱ्या सर्वांच्या सह्या असू द्या, आणि पोस्टातून पोचपावतीसह पाठवा. पत्र पोस्टाने गेले तर शिक्क्याची तारीख ग्राह्य धरली जाते. फोनवर सांगून थांबू नका.

आता हिशेब. कर्जासह तुम्ही दहा वर्षांत हप्त्यांपोटी सुमारे ४१,६०० डॉलर भराल, त्यात जवळपास १६,४०० डॉलर निव्वळ व्याज असेल. पहिले ६,३०० धरले तर ३१,५०० डॉलरची वस्तू तुम्हाला जवळजवळ ४८,००० डॉलरला पडते, आणि देखभाल शुल्क वेगळेच. एवढ्या व्याजाने सुट्टी विकत घेणे मला कोणत्याही बाजूने पटत नाही. तेव्हा कर्जाची बाब मी येथेच संपवतो आणि तुमच्याकडे सगळी रक्कम रोख आहे असे मानून पुढे जातो.

रोख दिले तरी ते पैसे दुसरीकडे काही कमावत असते. सुरक्षित ठेवीवर चार टक्के धरले तर ३१,५०० वर वर्षाला १,२६० डॉलर सुटतात. त्यात १,३५० देखभाल शुल्क मिळवा, २,६१० झाले. शिवाय २०७० साली हातात काहीही उरणार नाही, मूळ रक्कम शून्य होईल. ती पंचेचाळीस वर्षांत त्याच चार टक्क्यांनी पुन्हा उभी करायची तर दरवर्षी साधारण २६० डॉलर बाजूला टाकावे लागतील. म्हणजे १५० पॉइंटची सुट्टी तुम्हाला वर्षाला २,८७० डॉलरला पडते. याच क्लबच्या सभासदांकडून पॉइंट भाड्याने घेता येतात, त्यासाठी मध्यस्थही आहेत, आणि दर पॉइंटला साधारण २० डॉलरच्या आसपास असतो. १५० पॉइंटचे भाडे झाले ३,००० डॉलर. रोखीने घेऊनही मालकीचा फायदा वर्षाला १३० डॉलर, आणि तोही एकही वर्ष वाया न जाता सगळे पॉइंट वापरले गेले तरच.

विक्रीच्या वेळी नेहमी तुलना हॉटेलच्या छापील दराशी केली जाते आणि त्या तुलनेत मालकी स्वस्त दिसते, हे खरेच आहे. पण त्याच खोल्या त्याच पॉइंटने भाड्याने मिळतात, त्यामुळे तुलना त्या भाड्याशीच करायला हवी. देखभाल शुल्क वाढत जाणार हेही लक्षात घ्या. वर्षाला चार टक्के वाढ धरली तर ते अठरा वर्षांत दुप्पट होते, आणि तुम्ही गेलात किंवा न गेलात तरी ते भरावेच लागते.

सरस्वतीबाग

मी या क्लबची सभासद आहे, बारा वर्षांपासून, आणि समाधानी आहे. म्हणून दुसरी बाजू लिहिते. वरचा हिशेब चुकीचा नाही, पण भाड्याच्या पॉइंटमध्ये काही अडचणी आहेत ज्या आकड्यांत येत नाहीत. आरक्षण मूळ सभासदाच्या हातात असते. पैसे बहुधा परत मिळत नाहीत. मूल ऐनवेळी तापाने फणफणले तर मी माझे आरक्षण रद्द करून पॉइंट वाचवू शकते, भाडेकरूला ते जमत नाही. मात्र सभासदालाही निष्काळजी राहून चालत नाही: मुक्कामाला तीस दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केले तर पॉइंट एका वेगळ्या खात्यात अडकतात आणि तेथून फक्त पुढच्या साठ दिवसांतल्या आरक्षणांसाठीच वापरता येतात.

मी मात्र क्लबकडून थेट घेतले नाहीत. साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टचे पॉइंट एका जुन्या सभासदाकडून पुनर्विक्रीत घेतले, रोखीने, आणि थेट दराच्या जवळपास निम्म्यात. त्या रिसॉर्टची मुदत २०५४ पर्यंत आहे, मला तेवढी पुरे आहे. पुनर्विक्रीत डिस्नेला प्रथम खरेदीचा हक्क असतो, म्हणजे हवे तर ते पॉइंट डिस्ने स्वतःच घेऊ शकते, त्यामुळे व्यवहार पूर्ण व्हायला काही आठवडे वाट पाहावी लागते.

तुमच्या बाबतीत पुनर्विक्रीचा प्रश्न उलट बाजूने महत्त्वाचा आहे. १९ जानेवारी २०१९ पासून नियम बदलले. रिव्हिएराचे पॉइंट तुम्ही उद्या विकले तर ते घेणाऱ्याला फक्त रिव्हिएरातच राहता येईल, इतर कोणत्याही रिसॉर्टला ते चालणार नाहीत. म्हणजे तुम्ही आज थेट दराने जे घेता आहात, त्यातला एक मोठा भाग विकताना तुमच्याबरोबर पुढे जातच नाही, आणि खरेदीदार किंमत देताना ते मोजतो. व्हिसाची अनिश्चितता असलेल्या कुटुंबाने याचा विचार हप्त्याच्याही आधी करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता स्वयंपाकघराविषयी, कारण तुमचे पत्र वाचताना मी तेथेच थबकले. स्टुडिओ खोलीत शेगडी नसते. तेथे मायक्रोवेव्ह, लहान फ्रिज, कॉफीचे यंत्र अशा मोजक्याच वस्तू असतात. कुकर लावता येत नाही. पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र एका शयनकक्षाच्या घरापासून सुरू होते, आणि त्याला स्टुडिओच्या साधारण दुप्पट पॉइंट लागतात. १५० पॉइंटमध्ये स्टुडिओत साधारण आठवडा निघतो, तोही गर्दीचा हंगाम टाळून. एका शयनकक्षाच्या घरात चार रात्रींच्या आसपास. शिवाय रिव्हिएरातले एका शयनकक्षाचे घर पाच जणांसाठी आहे. सासूबाई-सासरे आले की तुम्ही सहा जण होता. म्हणजे दोन शयनकक्षांचे घर लागणार, आणि त्याला रात्रीला पन्नासच्या आसपास किंवा हंगामानुसार त्याहून जास्त पॉइंट जातात. एका वर्षाचे पॉइंट साठवून पुढच्या वर्षी ३०० एकदम वापरले तरी पाच-सहा रात्रीच मिळतील, आणि मधल्या वर्षी मुलांना कोठेही नेता येणार नाही.

साठवणीचा नियमही नीट वाचा. प्रत्येक करारात पॉइंट जमा होण्याचा एक ठरावीक महिना असतो, आणि त्या महिन्यापासून पहिल्या आठ महिन्यांतच उरलेले पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात. नंतर आठवण झाली तर उपयोग नाही. एकदा पुढे टाकलेले पुन्हा पुढे टाकता येत नाहीत. पुढच्या वर्षाचे उसने घेतले असतील तर तेही परत करता येत नाहीत. मी दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या यादीखाली ही तारीख लिहून ठेवते.

मुलांच्या शाळेची ख्रिसमसची सुट्टी हवी असेल तर स्वतःच्या, म्हणजे ज्याचे पॉइंट घेतले त्या, रिसॉर्टचे आरक्षण अकरा महिने आधी उघडते, इतर रिसॉर्टचे सात महिने आधी. चांगल्या खोल्या त्या सात महिन्यांपर्यंत उरत नाहीत, हा माझा अनुभव आहे. अशा आठवड्यांना पॉइंटही जास्त लागतात. रिसॉर्टचे एकूण पॉइंट क्लबला वाढवता येत नाहीत, पण ते एका हंगामातून दुसऱ्या हंगामात हलवता येतात. त्यामुळे आज १५० मध्ये बसणारा आठवडा उद्याही बसेलच असे नाही.

पाषाण_रस्ता

मी पुण्यातून लिहितो आहे. तुमच्या व्हिसाची अनिश्चितता पाहता भारतात परत येण्याची शक्यताही आहे, म्हणूनच उत्तर देतो. वडिलांनी २००० च्या सुमारास येथील एका कंपनीचे पंचवीस वर्षांचे सभासदत्व घेतले होते. तेथे पॉइंट नव्हते, रंगांनुसार हंगाम होते, पण मूळ अडचण तीच होती. आम्हाला हवी असलेली मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी सगळ्यांनाच हवी असे. फोन केला की जागा भरलेली, आणि जुलैत मात्र हव्या तेवढ्या खोल्या. वार्षिक शुल्क दरवर्षी वाढत गेले, पुढे त्यावर १८ टक्के जीएसटीही आला. वडील शेवटची सहा वर्षे कोठेही गेले नाहीत, कारण गुडघे साथ देत नव्हते, तरी शुल्क भरत राहिले. थकबाकी राहू नये ही त्यांच्या पिढीची भावना होती.

भारतात आल्यावरही अदलाबदलीच्या (आपले पॉइंट देऊन दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याच्या) व्यवस्थेतून पॉइंट इकडे वापरता येतील या विचाराने घेऊ नका. अदलाबदल तिसऱ्या कंपनीमार्फत होते, तिचे शुल्क वेगळे असते, आणि समोर जागा असेल तरच मिळते. मुंबईहून ऑरलँडोला चौघांची तिकिटे काढून दरवर्षी जाणारे कुटुंब मी तरी पाहिलेले नाही. देखभाल शुल्क मात्र डॉलरमध्येच भरावे लागेल. तेथील खोली भाड्याने देऊन खर्च भरून काढू म्हटले, तर ते अमेरिकेत करपात्र उत्पन्न आहे, आणि त्याचे विवरणपत्र इकडे बसून भरण्याचा व्याप वेगळा.

एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. सहा जणांना एका शयनकक्षाचे घर पुरणार नाही, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते. मी काल रात्री पॉइंटचा तक्ता काढून बसले आणि गेल्या पाच वर्षांत आम्ही प्रत्यक्षात किती सुट्ट्या घेतल्या त्याही लिहिल्या. ऑरलँडोला दोनदा गेलो, त्यातली एक सहल चार रात्रींची. बाकी सुट्ट्या भारतात गेल्या, आणि पुढेही बहुतेक तशाच जातील, कारण माझी आई आता एकटी असते. हे लिहिताना मला जाणवले की मी पॉइंट विकत घेतले नव्हते, मुले लहान असतानाची वर्षे धरून ठेवायचा प्रयत्न केला होता.

आज सकाळी आम्ही दोघांनी सही करून रद्द करण्याचे पत्र पोस्टातून पोचपावतीसह पाठवले. शिक्क्यावर पाचव्या दिवसाची तारीख आहे. एक शंका उरली आहे: भरलेले ६,३०० डॉलर क्रेडिट कार्डावर होते. ते परत यायला किती दिवस लागतात, आणि मिळालेला स्वागताचा संच परत पाठवायचा का?

हिशेबी_वही

सूचना मिळाल्यापासून वीस दिवसांत रक्कम परत करणे कायद्याने अपेक्षित आहे. तुम्ही धनादेश दिला असता तर तो वटण्यावर ही मुदत लांबू शकली असती, पण कार्डाच्या बाबतीत तो प्रश्न नाही. पोचपावती आणि पत्राची छायाप्रत रक्कम खात्यात दिसेपर्यंत जपून ठेवा. संचाबाबत कराराच्या शेवटच्या पानांवर लिहिलेले असेल ते पाहा. काही लिहिलेले नसेल तर विचारून परत पाठवा आणि त्याचीही पावती घ्या.

सरस्वतीबाग

डिसेंबरात सासूबाई-सासरे येणार असतील आणि दोन शयनकक्षांचे घर भाड्याने हवे असेल, तर जानेवारीतच शोधायला लागा, कारण अकरा महिन्यांची खिडकी उघडते त्याच दिवशी सभासदाला आरक्षण करावे लागते. त्यासाठी मध्यस्थाला तारखा आधीच द्याव्या लागतात. कुकर घरूनच न्या, तिकडच्या शेगडीवर तो चालतो. मी दर वेळी तीन लिटरचा नेते.