स्वतःच्या हाताने जेवू पाहणाऱ्या लेकीला काय देऊ?

भांडुपची आई:
लेक 14 महिन्यांची. भरवायला गेलं की तोंड फिरवते, वाटीच ओढते. वरणभात मुठीत चिरडते, बोटांच्या फटींतून सगळा खाली. मी सकाळच्या लोकलने कामाला जाते, घरी सासूबाई एकट्या. तिला धरता येईल असं काय देऊ?

लालबागकर:
वरणभात घट्ट कालव, वर तूप, आणि बोटासारखे लांबट मुटके कर. ताटलीत एका वेळी तीनच ठेव, जास्त दिसले की भिरकावतात. माझ्या धाकट्याला मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या फार आवडायच्या. लाल भोपळा वाफवून दे, चिमटीत सहज चेपला पाहिजे इतका मऊ.

गिरगावची आजी:
अगं, सांडू दे, खाली जुनं धुतलेलं लुगडं अंथर. पण अख्खे शेंगदाणे अजिबात नकोत, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून दे. खाताना बसलेलीच हवी आणि कुणीतरी जवळ हवंच. मासे देत असाल तर सुरमई उकडून, काटा बोटांनी दोनदा चाचपून दे.

भांडुपची आई:
आज मुटके केले. दोन खाल्ले, तिसरा सासूबाईंच्या तोंडात कोंबला! उद्या धिरडं.