मर्केटर हटवा म्हणणाऱ्यांना: आधी प्रश्न ठरवा, मग नकाशा

नीराकाठ
'मर्केटरचा नकाशा म्हणजे गोऱ्यांची फसवणूक, शाळेतून काढा आणि गॉल-पीटर्स लावा' अशी पोस्ट इथे परवापासून फिरतेय. तिला मिळालेली वाहवा बघून राहवलं नाही.

मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये तो नकाशा खलाशांसाठी काढला. होकायंत्रावर एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो, आणि त्याची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. ६०° अक्षवृत्तावर लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. म्हणून २१.६६ लाख चौ. किमीचं ग्रीनलंड ३२.८७ लाखांच्या भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं.

पण गॉल-पीटर्स हा उतारा नव्हे. तो क्षेत्रफळ राखतो आणि आकाराची वाट लावतो. विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण ताण पूर्व-पश्चिमेच्या दुप्पट, म्हणजे ज्या आफ्रिकेला न्याय द्यायचा तीच लोंबलेली. लोकसंख्येच्या नकाशासाठी २०१८ चं इक्वल अर्थ घ्या, ते क्षेत्रफळ राखतं आणि आकार फार बिघडवत नाही. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या सीआरएसला (नकाशा कोणत्या पद्धतीने मांडायचा ते ठरवणारी व्यवस्था) ईपीएसजी ८८५७, म्हणजे इक्वल अर्थचा क्रमांक द्या, काम झालं.

तांबडीमाती
माझ्या पोस्टमधला 'फसवणूक' हा शब्द मी मागे घेणार नाही. खलाशांचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर कोणी टांगला? तिथे कोण जहाज हाकत होतं? आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे आणि पिढ्यानपिढ्या मुलांनी ती दोन्ही बरोबरीची पाहिली. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर सोडण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तो काय उगाच? आणि मोबाइलवरचे नकाशे आजही बहुतेक वेब मर्केटर, म्हणजे मर्केटरचीच वेबसाठीची आवृत्ती.

नीराकाठ
त्याच मोहिमेने गॉल-पीटर्स नाही, इक्वल अर्थ मागितलंय, हेही लिहा की! वेब मर्केटर टिकला कारण त्यात चौकातला काटकोन काटकोनच राहतो आणि ८५° वर कापलं की जग चौरस होतं, टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) बिनबोभाट पडतात. गल्ली शोधायला तो उत्तम. जगाची तुलना करायला नाही, इतकंच माझं म्हणणं.

टिंबपद्धत
प्रक्षेपणावरून, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची यावरून डोकी फोडताय आणि खरा गोंधळ भलतीकडेच. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्याप्रमाणे प्रदेशाला फिका-गडद रंग देतात त्यात, लोक एकूण लोकसंख्या रंगवतात! मग अवाढव्य रशिया आणि चिमुकला बांगलादेश जवळपास सारख्याच रंगात. क्षेत्रघनी नकाशाला दर किंवा घनताच द्यायची. एकूण आकडा असेल तर टिंबं नाहीतर आकड्याच्या प्रमाणात लहानमोठी वर्तुळं. आमच्या नववीच्या पुस्तकात आहे हे.

आणि घनतेसाठी क्षेत्रफळ काढताना क्यूजीआयएसमध्ये 'एरिया' फंक्शन आणि 'डॉलर-एरिया' ($area) एक समजू नका. पहिलं थराच्या सीआरएसमध्ये सपाट गणित करतं. थर ३८५७ मध्ये, म्हणजे वेब मर्केटरमध्ये असेल तर भारत पंधरा-वीस टक्के फुगतो, ग्रीनलंड दहापटींच्या वर. दुसरं पृथ्वीच्या लंबगोल आकारावर मोजतं, ते वापरा.

सर्वेनंबर
ते केलं तरी भारताची घनता चुकते. २०११ च्या जनगणनेत ती चौ. किमीला ३८२ आहे. १२१.०८ कोटींना ३२.८७ लाखांनी भागलं की येतात ३६८. कारण पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातल्या प्रदेशात जनगणना झालीच नाही, म्हणून जनगणना तेवढं क्षेत्र छेदातून वगळते.

तांबडीमाती
म्हणजे काश्मीर कापलेला नकाशा वापरायचा? नॅचरल अर्थ या फुकट मिळणाऱ्या नकाशा-संचाची मूळ फाइल ताबारेषेवर तोडून देते, ती इथे छापली तर १९६१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे माहीत असूनही लोक बिनदिक्कत टाकतात, याची चीड येते.

सर्वेनंबर
मी कापा म्हटलेलंच नाही, नीट वाचा. सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच काढायची. नॅचरल अर्थची भारताच्या भूमिकेची वेगळी फाइलही मिळते, फक्त १:१ कोटी प्रमाणात. घनता मात्र आकृतीवरून मोजायची नाही, जनगणनेचा आकडा वेगळ्या रकान्यात टाकून तो जोडायचा. रेषा एक, छेद दुसरा, आणि खाली टीप.

तांबडीमाती
टीप कोण वाचतं? रेषेच्या आत रंग भरला की लोकांना वाटणार सगळीकडचं मोजलंय.

टिंबपद्धत
हे बरोबर आहे, मान्य करावं लागेल. मग न मोजलेल्या भागावर रंग नको, तिरप्या रेषा भरा.

सर्वेनंबर
चालेल. पण काश्मीरवर एवढं तापता, तर दोन काळांची तुलना करणाऱ्या नकाशांवरही तापा. पाकिस्तान १९६१ मध्ये नऊ कोटींच्या वर, १९७२ मध्ये साडेसहा कोटी. नुसते आकडे जोडले तर नकाशा सांगतो की जवळजवळ एक तृतीयांश माणसं नाहीशी झाली! १९७१ ला पूर्व पाकिस्तान वेगळा झाला, एवढंच. आपल्याकडे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, म्हणून १९९१ ते २००१ मध्ये परभणी 'घटलेला' दिसतो. उलट २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची ४.८२ टक्के घट खरी, आणि ती या खोट्या घटींच्या गर्दीत हरवते. आधी दोन्ही वर्षांचे आकडे एकाच सीमेवर आणा, तालुके जोडून किंवा तोडून. मग प्रक्षेपण कुठलं यावर भांडा.

नीराकाठ
सीमेचं पटलं. पण म्हणून प्रक्षेपण दुय्यम ठरत नाही. वाचकाला आधी आकार दिसतो, मग रंग, टीप सगळ्यात शेवटी.

तांबडीमाती
मी पहिल्यापासून तेच सांगतोय. इक्वल अर्थ तर इक्वल अर्थ, पण भिंतीवरून मर्केटर उतरवा.