मदत हवी आहे : लेण्यांत काम चालू आहे, रविवारी आत सोडतील का?

वाटसरू७७ : रविवारी आईला घेऊन निघतोय. लेण्यांत डागडुजी चालू आहे, परांची बांधलीय असं कानावर आलं. आत सोडतात का? आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायचीच म्हणते. लवकर सांगा, गाडीवाल्याला आजच कळवायचंय.

सह्यभटक्या : अहो पण कुठली लेणी? महाडची गांधारपाले असतील तर महामार्गावरूनच पायऱ्या चढायच्या आहेत, आईंना जड जाईल. माझं ऐका, दापोलीकडे पन्हाळेकाजीला न्या. कोटजाईच्या काठाला २९ लेणी, चढ नाहीच म्हणा. आम्ही सासूबाईंना नेलं होतं.

वाटसरू७७ : पन्हाळेकाजी नकोय. कुडा, रायगडातल्या तळा गावाजवळची.

कोरेचा_प्रवासी : माणगावला उतरा. दिवा स्टेशनची पॅसेंजर थांबते, स्वस्तात जाल.

वाटसरू७७ : गाडी ठरवलीय, वर लिहिलंय.

शिलालेखवेडी : मेणबत्ती नको, कळकळीने सांगते. काजळी दगडात मुरते, मग अक्षरं लागत नाहीत. ६ नंबरच्या लेण्यात, जिथे दर्शनी हत्ती आहेत, तिथला ब्राह्मी लेख बघा. लेणं शिवम नावाच्या माणसाचं, कोरीवकाम त्याच्या बायकोचं, विजयाचं, आणि मुलांचं, खांब घरातल्या पोरींच्या नावावर. अख्ख्या घराने मिळून दिलेलं दान आहे ते. ही नावं काळी पडू देऊ नका.

भीमाचा_नातू : ताई, लेणी वंदनेसाठीच कोरली. म्हाताऱ्या माणसाला एक मेणबत्तीही लावू द्यायची नाही?

शिलालेखवेडी : वंदनेला कोण नाही म्हणतंय? फुलं न्या. कुड्याच्या दात्यांत एक माळीसुद्धा आहे.

सह्यभटक्या : पन्हाळेकाजीला ही भानगडच नाही.

खाडीकाठ : मी मांदाडचा, कुड्याच्या जवळचंच गाव. २६ लेणी आहेत, सगळी एकदम बंद ठेवतील असं वाटत नाही. आईंना नेमकं कुठं बसायचंय?

वाटसरू७७ : ६ नंबरलाच. लग्नाआधी आजोबांबरोबर आली होती, हत्ती तिला अजून आठवतात. फुलं चालतील म्हणाली, आत्ताच विचारलं.

खाडीकाठ : उद्या सकाळी तळ्याला बाजाराला जायचंय. वाट वाकडी करून वर जातो, परांची कुठल्या लेण्याला आहे ते बघतो, रखवालदारालाही विचारतो. दुपारपर्यंत फोटो टाकतो. गाडीवाल्याला तोवर थांबवा.