मदत हवी आहे: स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं कळल्यावर लगेच जाग येते. तिथे थांबायचं कसं?

सूरसागरकाठ:

नमस्कार मंडळी. ल्युसिड ड्रीमिंगचा स्वतःचा अनुभव असलेल्यांकडून मदत हवी आहे. झोपेतच ‘हे स्वप्न आहे’ असं कळावं आणि तरी स्वप्न चालू राहावं, एवढंच मला सध्या शिकायचंय. उडणं, हवं ते घडवणं यात फारसा रस नाही.

माझं माहेर बडोद्यात, दांडिया बाजारात. लहानपणी संध्याकाळी सूरसागरच्या काठावर जायचो. तलावाच्या मधोमध आता जो १११ फुटी महादेव उभा आहे, तो तेव्हा नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी दिसायचं. स्वप्नात मला सूरसागर अजून तसाच दिसतो आणि त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. पण मध्ये एकदा म्युझिक कॉलेजच्या बाजूने न्यायमंदिराकडे चालले होते, मान वर गेली आणि मनात आलं, अरे, महादेव कुठे गेला? म्हणजे हे स्वप्न आहे! त्या क्षणी सगळं लख्ख झालं. कठड्याचा दगड हाताला गार लागत होता, पाण्याचा वाससुद्धा येत होता. मला इतका आनंद झाला की जागच आली. तेव्हापासून हे पुन्हा अनुभवायचं मनात घट्ट बसलंय.

एक गोष्ट सांगायला हवी. यांची मकरपुऱ्यात पाळीची नोकरी आहे. पहिली पाळी असली की मी साडेचारला उठते, डबा-चहा करते, ते गेले की पुन्हा पडते. ते स्वप्न त्या दुसऱ्या झोपेतलं होतं. एरवीही पहिल्या पाळीच्या आठवड्यात स्वप्नं जास्त आठवतात. याचा काही संबंध असेल का?

थोडं वाचलंय. १९७५ साली इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांना झोपेत तपासलं आणि वर्स्लींनी स्वप्नातूनच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे हलवून खूण केली, हे वाचून अंगावर काटा आला. पण रोज करायचं काय, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. सासूबाईंना काळजी वाटते की अशाने झोपेत अंग जखडतं. मला तसं एकदा झालंय, छातीवर कुणी बसल्यासारखं, म्हणून मलाही थोडी भीती आहेच. तर सुरुवात कशी करू, स्वप्न टिकवू कसं आणि यात धोका कितपत आहे, हे कृपया सांगा.

पहाटपाळी:

ताई, संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी डोळे भरभर हलण्याची, म्हणजे रेम झोप येते. रात्रीच्या सुरुवातीला ती थोडीच असते आणि पहाटेकडे वाढत जाते. तुम्ही साडेचारला उठता, मेंदू थोडा जागा होतो आणि परत पडलात की रेम लवकर गाठता. लोक मुद्दाम गजर लावून जे करतात, ते तुमच्या घरी पाळीमुळे आपोआप होतंय. म्हणून वेगळा गजर लावू नका. पहिली पाळी नसलेल्या आठवड्यात सरळ झोपा.

आता त्या दुसऱ्या झोपेच्या आधी काय करायचं ते सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी ही पद्धत बसवली, मलाही तिचाच उपयोग झाला. पडल्यावर नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा. नसेल आठवत तर सूरसागरचं घ्या. त्यात तुम्ही चालताय, वर बघताय, महादेव नाही, आणि तुम्हाला कळतंय, असं डोळ्यांसमोर आणा. मग मनाशी म्हणा, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ झोप लागेपर्यंत हेच. नुसतं घोकू नका, खरंच ठरवल्यासारखं म्हणा. बाजारातून येताना कोथिंबीर आणायची हे जसं डोक्यात ठेवतो, तसं हे ठेवायचं असतं.

महादेव न दिसणं ही तुमची स्वप्न ओळखायची खूण फार मोलाची आहे. बऱ्याच जणांना महिनोन् महिने स्वप्नांची वही लिहिल्यावर अशी खूण सापडते. दिवसा तिथून जाताना दर वेळी महादेवाकडे बघून स्वतःला विचारा, ‘मी आत्ता जागी आहे का?’ आणि तोंड मिटून, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. जागेपणी तो येणारच नाही. स्वप्नात बहुतेक वेळा नाक दाबूनही श्वास चालू राहतो. दोन्ही करा असं म्हणतोय, कारण स्वप्नातलं मन फार चटकन पटवून घेतं: महादेव दिसला नाही तर ‘दुरुस्तीला नेला असेल’ म्हणून पुढे चालू लागतं. छापील पाटीही दोनदा वाचून बघा. स्वप्नात दुसऱ्यांदा मजकूर बदललेला असतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

टिकवायचं म्हणाल, तर कळल्याबरोबर काहीही करू नका. आनंद उसळतो आणि त्यानेच जाग येते. तळहात एकमेकांवर चोळा, कठड्याला हात लावा, पायाखालची जमीन बघा. एकाच ठिकाणी टक लावू नका. पहिल्या काही वेळा क्षणभर टिकलं तरी पुष्कळ झालं.

वैशाख_ग्वाल्हेर:

अंग जखडण्याबद्दल: रेम झोपेत शरीराचे स्नायू शिथिल केलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातल्या हालचाली खरोखरच केल्या असत्या. डोळे त्यातून सुटतात, म्हणूनच वर्स्लींना खूण करता आली. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. छातीवरचा भार आणि खोलीत कुणी असल्याचा भास त्यातूनच येतो. थोड्या वेळात आपोआप सुटतं. धडपड करू नका, श्वास सावकाश सोडा, बोटाचं टोक हलवायला बघा. सासूबाईंनाही असंच सांगा. झोप अपुरी असली की हे जास्त होतं, म्हणून रात्री लवकर पडा.

पण कुणाला जागेपणीही भास होत असतील, किंवा खरं काय नि स्वप्न काय यात गोंधळ होत असेल, तर हा नाद करू नये, आधी डॉक्टरांना भेटावं. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. तरी झोप मोडून दिवसा थकवा यायला लागला, तर थांबा.

आणखी एक. पातंजल योगसूत्रांत १.३८ मध्ये स्वप्न आणि निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घेऊन मन स्थिर करता येतं असं म्हटलंय. घरच्या मोठ्यांशी बोलताना याचा उपयोग होईल.

सूरसागरकाठ:

दोघांचे मनापासून आभार. सासूबाई रोज योगसूत्रं वाचतात, त्यांना आजच दाखवते. सोमवारपासून पहिली पाळी आहे, तेव्हा सुरू करते. अजून एक विचारायचं राहिलं: पहाटे दिवा लावून वहीत लिहिलं की लेकाची झोप मोडते. फोनवर हळू आवाजात बोलून स्वप्न नोंदवलं तर चालेल का?

पहाटपाळी:

चालेल, फक्त फोनचा उजेड अगदी कमी ठेवा आणि मेसेज उघडू नका. डोळे उघडण्याआधी, कूस न बदलता, स्वप्न शेवटाकडून मागे मागे आठवा आणि मगच बोला. हालचाल केली की निम्मं निसटतं.