महापालिकेचं मतदान विधानसभेसोबतच उरकायला हरकत काय?

प्रभागकर:
नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिका, १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिका. दरवेळी आचारसंहिता, निविदा अडकलेल्या, शिक्षक आणि तलाठी केंद्रावर. मतदार विधानसभेला केंद्रावर येतोच, तिथेच शेजारच्या टेबलावर दुसरं यंत्र ठेवा. एक मंडप, एक बंदोबस्त.

रोस्टर:
संविधानाचं कलम २४३-ई (पंचायती) आणि २४३-यू (पालिका) वाचा. पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही. २०२६ च्या महापालिका २०३१ च्या सुरुवातीपर्यंत चालणार, विधानसभा २०२९ च्या अखेरीस. म्हणजे वर्षाहून जास्त मुदत छाटायची, तीही घटनादुरुस्ती करून. एकत्र निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या कोविंद समितीनेसुद्धा स्थानिक संस्था त्याच दिवशी घ्या असं म्हटलेलं नाही. लोकसभा-विधानसभेनंतर १०० दिवसांत घ्या म्हटलंय. आणि लोकसभा-विधानसभा एकत्र घेण्यासाठीच्या, डिसेंबर २०२४ च्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात स्थानिक संस्था नाहीतच.

प्रभागकर:
पाच वर्षांचं एवढं पावित्र्य? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. विधानसभेची तारीख कुणी अशी लटकवून ठेवत नाही, म्हणून पालिकेचं मतदान तिलाच बांधा.

रोस्टर:
ओबीसी आरक्षणाची तिहेरी चाचणी (सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या तीन अटी) आणि प्रभागसंख्येचे वाद कोर्टात होते, म्हणून लटकलं. ते वाद तारीख बांधल्याने मिटणार नाहीत. विधानसभा वेळेवर होईल आणि पालिकेचं मतदान मागेच राहील.

केंद्राध्यक्ष_५६:
"शेजारच्या टेबलावर दुसरं यंत्र" हे ऐकायला सोपं आहे. मुंबई सोडली तर महापालिकेत बहुतेक प्रभाग चार जागांचे. मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एक-दोन बटणं दाबून माणूस निघाला की यंत्र पुढच्या मताची वाट बघत बसतं, शेवटची बीप येत नाही आणि रांग थांबते. विधानसभेला एकच बटण, मग व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद. पालिकेच्या यंत्राला व्हीव्हीपॅट नसतोच. एका खोलीत दोन पद्धती, दोन आयोग: विधानसभेला केंद्राचा, पालिकेला राज्याचा. तक्रार आली तर कोणाचा निर्णय?

त्याहून मोठा घोळ यादीचा. विधानसभेची मतदारयादी भागवार असते, साधारण एका केंद्राचा एक भाग. प्रभाग आखतात जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेले घरांचे छोटे गट), आणि तीही २०११ ची जनगणना. दोन्ही रेषा जुळत नाहीत. एका यादीभागातले निम्मे मतदार प्रभाग ७ मध्ये, निम्मे ८ मध्ये असतील, तर विधानसभेच्या एका केंद्रावर पालिकेचे दोन संच लावावे लागतील. मतदाराचा अनुक्रमांकही दोन याद्यांत वेगळा, म्हणून मतदार-चिठ्ठ्याही दोन.

प्रभागकर:
मग प्रभागच अख्ख्या यादीभागांचे करा.

केंद्राध्यक्ष_५६:
अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरतं. यादीत जात लिहिलेली नसते.

हिशोबनीस:
खर्चाचंही बघा. विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा ४० लाखांची, नगरसेवकाची वेगळी. एकाच रिक्षेवर दोघांचे फोटो, भोंगा एकच, मंडपही एकच. बिल कोणाच्या खात्यात किती? निरीक्षक दोन आयोगांचे, दोघांची नोंदवही वेगळी. ग्रामपंचायत तर पक्षचिन्हावर नसतेच. आमदाराचा भोंगा वाजत असताना तिथला बिनचिन्हाचा सदस्य कोणाच्या कानावर पडणार?

आणि टक्का वाढेल म्हणाल, तर २०२४ ला मुंबईत विधानसभेचा टक्काही पन्नाशीच्या थोडाच पुढे होता. २०१७ च्या पालिकेलाही साधारण तेवढाच. शहरात न येणारा दोन्हीला येत नाही.

प्रभागकर:
ठीक. मग विधानसभेपासून लांब, पण सगळ्या स्थानिक संस्था एकाच दिवशी घ्या. हे तरी चालेल?

रोस्टर:
डिसेंबर २०२५ विसरलात. काही नगरपालिकांचं मतदान २० तारखेवर गेलं आणि बाकीच्यांची ३ तारखेची मोजणी २१ वर ढकलली गेली. मतदान झालेली यंत्रं १९ दिवस स्ट्राँगरूममध्ये, बाहेर पहारा. हे फक्त नगरपालिका-नगरपंचायतींचं. महापालिका, झेडपी, ग्रामपंचायती सगळ्या एका दिवशी ठेवल्या आणि पाच ठिकाणी स्थगिती आली, तर मोजणी कितीजणांची थांबवायची, ते आधी सांगा.